वारशाने चालून आलेली लढाई : ‘फील्ड्स ऑफ फायर’

जेम्स वेब यांची ‘फील्ड्स ऑफ फायर’ ही इंग्रजी कादंबरी १९७८ साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि व्हिएतनाम युद्धावरच्या मोजक्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत आजही तिचे नाव घेतले जाते. केंटकी राज्यातला रॉबर्ट ई. ली हॉजेस हा तरुण मरीन कोअरमध्ये लेफ्टनंट होतो, १९६९ साली व्हिएतनामला जातो, तिथे एका प्लॅटूनचे, म्हणजे पायदळाच्या एका लहान तुकडीचे, नेतृत्व त्याच्याकडे येते आणि त्या प्लॅटूनमधली माणसे एकामागून एक जायबंदी होतात किंवा मरतात, एवढेच कथानक आहे. युद्धकथांतला नायक बहुधा देशासाठी लढतो, सूडासाठी लढतो किंवा नाइलाजाने लढतो. हॉजेस लढायला जातो तो घरातले पुरुष पिढ्यानपिढ्या लढत आले म्हणून. या एका कारणाच्या बळावर माणूस कुठवर जाऊ शकतो आणि कोणत्या टप्प्यावर ते कारण त्याच्या उपयोगी पडेनासे होते, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे, आणि माझ्या मते तो इतक्या सचोटीने हाताळलेला फार थोड्या ठिकाणी आढळतो. कोकणात, जिथे गावोगावी फौजेची पेन्शन खाऊन म्हातारे झालेले लोक आहेत, तिथे तर ही कादंबरी मुद्दाम वाचली जावी असे मला मनापासून वाटते.

मरीन या शब्दामुळे किनाऱ्यावरच्या वाचकाची अपेक्षा जहाजांची असेल, तर आधीच सांगितलेले बरे की या कादंबरीत समुद्र जवळजवळ नाहीच. अमेरिकेचा मरीन कोअर १० नोव्हेंबर १७७५ या दिवशी स्थापन झाला तो आरमाराबरोबर जाऊन किनाऱ्यावर उतरून लढणारे सैन्य म्हणून. आपल्याकडे त्या आकाराचे स्वतंत्र दल नाही. १९८७ साली उभी राहिलेली नौदलाची ‘मार्कोस’ ही तुकडी निवडक कमांडोंची आहे आणि तिचे काम वेगळे आहे. ८ मार्च १९६५ रोजी दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकेचे मरीन उतरले, तिथून लढाऊ पायदळ थेट युद्धात येण्याचा काळ सुरू झाला, आणि पुढची कित्येक वर्षे ते समुद्राकडे पाठ करून खेड्यापाड्यांत, नदीकाठच्या शेतांत आणि डोंगरांच्या पायथ्याशी लढत राहिले. वेब यांनी निवडलेला प्रदेश म्हणजे दा नांगच्या नैर्ऋत्येला असलेले आन होआचे खोरे. लेखक स्वतः १९६९ साली याच भागात मरीन अधिकारी म्हणून लढला, जखमी झाला आणि ‘नेव्ही क्रॉस’ या फार वरच्या शौर्यपदकाचा मानकरी ठरला, ही गोष्ट पुस्तक वाचताना पानोपानी जाणवते.

हॉजेसच्या घराचे प्रकरण हे मला संपूर्ण पुस्तकातले सर्वांत श्रीमंत प्रकरण वाटते. त्याचे नावच मुळी अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या सेनापतीचे आहे आणि ते त्याच्या वडिलांचेही नाव होते. वडील दुसऱ्या महायुद्धात पडले, त्यामुळे ते मुलाला ठाऊक आहेत ते सांगितलेल्या गोष्टींतून. या गोष्टी सांगते ती आजी. कोण कोणत्या लढाईत पडला, कोण हरलेल्या बाजूने लढूनही मान ताठ ठेवून परतला, कोण परतला पण पुन्हा कामाचा राहिला नाही, हे ती त्या पोराला वंशावळ पाठ करून घ्यावी तसे सांगत असते. घर गरीब आहे, जमीन बेताची आहे, आणि वारसा म्हणून द्यायला त्या कुटुंबाकडे या मृतांशिवाय दुसरे काहीही नाही. लेखकाने इथे आजीला दोषी धरलेले नाही आणि तिची आरतीही केलेली नाही. ज्या घरात पैसा, शिक्षण आणि ओळखीपाळखी नसतात, त्या घरात शौर्य ही एकच मालमत्ता उरते आणि ती खर्च केल्याशिवाय आपल्या नावावर होत नाही, हे तो केवळ दाखवून देतो. हॉजेसच्या मनात हळूहळू अशी समजूत पक्की होते की लढण्यामागचे कारण दुय्यम आहे, लढणे हेच काय ते महत्त्वाचे. हरणार हे माहीत असतानाही टिकून राहिला तो खरा पुरुष. ही समजूत त्याला व्हिएतनामपर्यंत घेऊन जाते. तिथे गेल्यावर मात्र रोज सकाळी कोणत्या वाटेने माणसे न्यायची, कुणाला पुढे चालायला सांगायचे आणि वरून आलेला मूर्ख हुकूम कितपत पाळायचा, या प्रश्नांना पूर्वजांकडे उत्तर नसते.

हे प्रकरण वाचताना कोकणातल्या माणसाला स्वतःचा मुलूख आठवल्याखेरीज राहत नाही. पहिल्या महायुद्धाला या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती परतली नाहीत, एवढाच मजकूर कोरलेल्या शिळा आपल्याकडे अनेक गावांत भिंतीत बसवलेल्या आहेत. नावे नाहीत, फक्त आकडे आहेत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीतले जवळपास सगळे जवान पडले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले. आधी हातबॉम्ब, मग गोळ्या, आणि मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने त्यांनी ते ठाणे निकालात काढले, आणि लगेचच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या तरुणाविषयी आपण अभिमानाने बोलतो आणि बोललेच पाहिजे. परंतु त्यांच्यामागे गावातून जी मुले भरतीला गेली, त्यांच्या खांद्यावर हे नाव कसे बसले असेल, याचा विचार मी ही कादंबरी वाचेपर्यंत इतक्या जवळून केला नव्हता.

आपल्या किनाऱ्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि ती वेब यांच्या पुस्तकाशेजारी ठेवली म्हणजे दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावच्या सकपाळ घराण्यात फौजेची नोकरी होती, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आजोबा मालोजी फौजेत होते आणि वडील रामजी सुभेदार होते. दापोलीचा कॅम्प तर निवृत्त शिपायांच्या वस्तीसाठीच ओळखला जाई. पुढे इंग्रज सरकारने महार समाजाची भरती बंद केली, तेव्हा स्वतः फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९० च्या दशकात विनंतीपत्र तयार केले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. म्हणजे एकाच युगात जगाच्या एका कोपऱ्यात एखाद्या घरावर फौजेची परंपरा लादलेली होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात तीच परंपरा हिरावून घेतली म्हणून माणसे सरकारच्या दारात उभी होती. हॉजेसच्या गरीब घराला शौर्य जे मिळवून देते, ते माणूस म्हणून मान मिळण्याचे साधन असते, आणि आपल्याकडेही मागणी त्याचीच होती. कादंबरीतल्या आजीकडे मी पुन्हा वळलो तेव्हा मला तिच्या गोष्टींतला हट्ट जास्त समजला.

आता भूगोलाविषयी, कारण या कादंबरीतले निम्मे युद्ध जमिनीशी आहे. आन होआचे खोरे म्हणजे भातशेती, बांबूची बेटे, नदी, उकाडा आणि मग महिनोन्‌महिने पाऊस. आपल्याकडच्या खलाटीत ज्याने आषाढात पाय घातला आहे, त्याला हे वर्णन नकाशाशिवाय कळते. शेतांच्या मेरांवरून चालणे सोपे, परंतु मेर हीच माणसाची नेहमीची वाट म्हणून सुरुंग तिथेच पुरलेला असण्याची शक्यता अधिक. आणि मेर सोडून चिखलात उतरावे तर गुडघाभर पाण्यात माणूस संथ होतो आणि पलीकडच्या बांबूतून टिपायला सोपा ठरतो. रोजच्या प्रत्येक पावलाला हीच निवड करायची असते. वेब यांनी ही गोष्ट व्याख्यान देऊन सांगितलेली नाही. चालणाऱ्याच्या पायांतून ती सांगितली आहे. दिवसेंदिवस ओले राहिलेले बूट, चिखल्यांनी सोललेली बोटांमधली कातडी, जळवा, साध्या ओरखड्याची चिघळून झालेली जखम, भिजलेली रसद, आणि रात्री खणलेल्या खड्ड्यात साचलेले पाणी हे सारे इतके तपशीलवार येते की लढाईच्या प्रसंगांपेक्षा मला हीच पाने अधिक पटली. एखाद्या चकमकीनंतर कोण मेला हे सांगण्याआधी लेखक कुणाच्या पाठीवरचे ओझे आता कोण उचलणार हे सांगतो, आणि ज्याने पायदळाचे आयुष्य काढले आहे त्यालाच हा क्रम सुचू शकतो.

या प्लॅटूनमध्ये कोण मुले आहेत, हे कादंबरीच्या आरंभीच उद्धृत केलेल्या एका सेनाधिकाऱ्याच्या उद्गारांवरून कळते. आपल्याकडचे सर्वोत्तम ते हेच, पण युद्धाचे निर्णय घेणाऱ्या मंत्र्यांची मुले यांत नाहीत, असा त्या उद्गारांचा आशय आहे. स्नेक हा राजधानी वॉशिंग्टनच्या गरीब वस्तीतला, शहरात पडेल ते हलके काम करून शेवटी तेही गमावलेला पोरगा. इथे मात्र तो उत्तम योद्धा निघतो, आणि ज्याला आयुष्यात कुणी विचारले नाही त्याला युद्धाने पहिल्यांदा किंमत दिली, हे वाचून मन अस्वस्थ होते. गुडरिच हा हार्वर्ड सोडून आलेला. त्याला मरीनच्या बँडमध्ये फ्रेंच हॉर्न वाजवायचे होते, आणि पाठवले गेले पायदळात. इतर जण त्याला ‘सेनेटर’ म्हणतात. डॅन हा पूर्वी शत्रूकडून लढलेला आणि आता अमेरिकनांना वाट दाखवणारा व्हिएतनामी. मरीनची एकेका माणसाची पाळी तेरा महिन्यांची असल्यामुळे प्लॅटूनमध्ये कुणी नुकताच आलेला असतो तर कुणाचे दिवस भरत आलेले असतात, आणि एकत्र लढण्यातून जो विश्वास तयार होतो तो पुन्हापुन्हा मोडतो. हॉजेस या माणसांत आला तेव्हा त्याच्याजवळ घराण्याचे नाव आहे आणि अनुभव शून्य आहे. पूर्वजांशी इमान राखायला आलेला हा मुलगा काही आठवड्यांतच या जिवंत माणसांशी बांधला जातो, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक वागण्याचा उलगडा तिथूनच होतो. जखमी होऊन तो ओकिनावा या जपानी बेटावर जातो, तिथे मित्सुको या तरुणीशी त्याचे लग्न होते, मागे राहायला सबळ कारण मिळते, आणि तरीही तो परत खोऱ्यात येतो. घराण्याने त्याला एकदा युद्धात पाठवले. दुसऱ्यांदा तो आपल्या माणसांसाठी गेला. हा फरक लेखकाने कुठेही अधोरेखित न करता वाचकावर सोपवला आहे, आणि मला तो या कादंबरीचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

इथून पुढे शेवटाचा उल्लेख येईल, तो टाळून कादंबरीविषयी प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. आपले दोन साथीदार मारून पुरलेले सापडल्यावर स्नेक आणि इतर काही जण दोन गावकऱ्यांचा जीव घेतात. गुडरिच ते पाहतो आणि पुढे वरिष्ठांना कळवतो. पुढच्या एका चकमकीत एका लहान मुलीवर गोळी झाडावी की नाही या क्षणी गुडरिच कचरतो, त्यात तो स्वतः जबर जखमी होतो, आणि त्याला उचलून आणायला धावतो तो स्नेक, ज्याच्याविरुद्ध त्याने तक्रार केली होती. स्नेक मरतो, हॉजेसही मरतो. गुडरिच पाय गमावून जगतो. इथे लेखकाचा कल कुणीकडे आहे हे कळते, तरी त्याने गुडरिचचे म्हणणे खोटे पाडलेले नाही. गावकऱ्यांचा खून हा खूनच राहतो, स्नेकचे धावून जाणेही तितकेच खरे राहते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडल्या हे वाचकाला पचवावे लागते. हॉजेसच्या मागे ओकिनावात त्याचा मुलगा राहतो. बापाला केवळ ऐकीव गोष्टींतून ओळखणारा आणखी एक मुलगा या घराण्यात निपजला, हे कळले तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ज्या खेड्यांतून हे सारे युद्ध फिरते, त्या खेड्यांतली माणसे बहुतांशी भीतीदायक किंवा केविलवाण्या सावल्यांसारखी येतात. डॅनला लेखकाने त्याची कहाणी, त्याचे दुःख आणि त्याचा हिशेब दिला आहे, म्हणून उरलेल्यांची अनुपस्थिती अधिकच खटकते. या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक गेले, आणि व्हिएतनामी माणसे त्याच्या कित्येक पटींनी मेली. त्या दुसऱ्या आकड्यामागचे चेहरे शोधायला हे पुस्तक अपुरे आहे. ज्या म्हातारीच्या झोपडीला आग लागते तिचेही पूर्वज असतील, तिच्या घरातही कुणीतरी नातवाला फ्रेंचांविरुद्धच्या लढाईच्या गोष्टी सांगत असेल, आणि परंपरा हाच ज्या कादंबरीचा विषय आहे तिने एवढे तरी पाहायला हवे होते. मित्सुकोचे पात्रही नायकाच्या गरजेपुरतेच उभे राहते. ओकिनावाचा भाग मला घाईत लिहिल्यासारखा आणि गोड वाटला. शेवटी गुडरिच हार्वर्डला परततो आणि युद्धविरोधी सभेत समोरच्या विद्यार्थ्यांनाच खडे बोल सुनावतो, त्या प्रसंगात पात्राच्या तोंडून लेखक बोलू लागतो. त्याचे म्हणणे बिनतोड आहे, कारण सभेतल्यांपैकी कुणीही लढायला गेलेले नाही आणि गेली ती गरिबांची मुले. पण त्याआधीच्या शेकडो पानांनी हे इतक्या ताकदीने दाखवलेले असते की भाषणाची आवश्यकता राहत नाही.

लेखकाच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे कादंबरीतला प्रश्न त्याच्या घरातही संपला नव्हता हे दिसते. वेब यांचे वडील हवाई दलात अधिकारी होते. स्वतः वेब जखमांमुळे फौज सोडून कायदा शिकले, १९८७-८८ मध्ये अमेरिकेचे नौदल सचिव झाले आणि २००७ ते २०१३ या काळात व्हर्जिनियाचे सिनेटर होते. इराकवर आक्रमण करण्याला त्यांनी ते सुरू होण्याआधीच जाहीर विरोध केला होता. तरीही त्यांचा मुलगा मरीन म्हणून इराकमध्ये लढला, आणि २००६ च्या निवडणूक प्रचारात वेब त्या मुलाचे लढाईतले बूट घालून फिरले. युद्ध चुकीचे आहे असे ठामपणे म्हणणारा बाप आणि त्याच युद्धात गेलेला मुलगा एका घरात एकमेकांचा मान राखून राहू शकतात, हे हॉजेसच्या आजीने ऐकले असते तर तिला त्यात आश्चर्य वाटले नसते.

भाषेविषयी थोडेसे. मरीन शिपायांची बोली, हत्यारांची टोपणनावे आणि वायरलेसवरची सांकेतिक भाषा यांमुळे सुरुवातीची पाने जड जातात. पात्रे एकामागून एक टोपणनावांनी येतात आणि कोण कोणत्या तुकडीतला हे ध्यानात राहत नाही. एका कागदावर नावे लिहून ठेवली तर वाचन सुकर होते. शिव्या आणि वंशद्वेषी शब्द भरपूर आहेत, ते त्या माणसांच्या तोंडचे आहेत, पण नाजूक मनाच्या वाचकाला त्रास होईल. १८२८ साली स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयापासून तालुक्यातल्या छोट्या ग्रंथालयांपर्यंत आपल्याकडे वाचनाची जुनी सवय आहे. युद्धकथांच्या कपाटात शौर्यगाथांच्या शेजारी ही कादंबरी असायला हवी, आणि कुणी समर्थ अनुवादकाने ती मराठीत आणली तर माजी सैनिकांच्या घरांत ती आवडीने वाचली जाईल. ज्या घरातला मुलगा पहाटे उठून भरतीसाठी धावण्याचा सराव करतो आहे, त्या घरात ती आधी वडिलांनी किंवा आजोबांनी वाचावी, मग मुलाच्या हाती द्यावी, आणि त्याने वाचून झाल्यावर तो जे विचारील त्याची उत्तरे टाळू नयेत.